मारबत बोलत नाही

नागपुरात तान्ह्या पोळ्याला इतवारीतून काळी मारबत निघते आणि जागनाथ बुधवारीतून पिवळी. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांवर उभी राहिलेली ती अवाढव्य बाई एक शब्द बोलत नाही. बोलतात ते रस्त्यावरचे लोक: "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्या आरोळीत दरवर्षी नवी भर पडते. कधी महागाई, कधी डेंग्यू, कधी कोरोना. मारबतीनं स्वतःहून काहीच सांगितलेलं नसतं, म्हणून जो तो आपलं दुखणं तिच्या अंगावर टाकतो. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं घाबरतात आणि तरीही नजर काढत नाहीत.

शब्द नसलेल्या, काळोख्या ॲनिमेशन लघुपटांची ओढ मला याच जातीची वाटते. पात्र गप्प असलं की त्याच्या मनात काय चाललंय ते बघणाऱ्याला पदरचं घालून भरावं लागतं. पण ही जागा आपोआप रिकामी राहत नाही. ती मोजूनमापून रिकामी ठेवावी लागते, सेकंदाच्या चोविसाव्या भागापर्यंत मोजून.

लाउएनश्टाइन या जर्मन भावांचा १९८९चा 'बॅलन्स' घ्या. ऑस्कर मिळालेला, जेमतेम सात-आठ मिनिटांचा. अधांतरी तरंगणारी एक चौकोनी फळी आणि तिच्यावर लांब कोटातली पाच एकसारखी माणसं, पाठीवर आकडे. एकानं पाऊल पुढं टाकलं की फळी कलते, मग बाकीच्यांना सरकून तोल सांभाळावा लागतो. खालच्या पोकळीतून एक पेटी वर येते, प्रत्येकाला ती हवी असते, आणि तिथून सगळं बिघडत जातं. शेवटी एकटाच उरतो: तो एका कडेला, पेटी समोरच्या कडेला. पाऊल टाकलं तर फळी कलणार. बस्स, तो उभाच. चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. इथं संवाद घातला असता तर "मी एकटा पडलो" असं काहीतरी बोलावं लागलं असतं. त्याऐवजी आपण मनातल्या मनात वजनाचा हिशेब करतो आणि तो सुटत नाही हे आपल्याच लक्षात येतं. भीती तिथं आहे. आणि हा हिशेब आपल्याला येतो, कारण सुरुवातीलाच फळी पुन्हा पुन्हा कलवून नियम शिकवलेला असतो. शब्द नसतील तर नियम हालचालीतून शिकवावा लागतो, निदान तीनदा, आणि गोष्ट वळण घेण्याआधी.

चेहरा न बदलण्याची गंमत चेक बाहुलीपटकार यिर्झी त्रन्का यांना पक्की ठाऊक होती. त्यांच्या 'हात' या १९६५च्या बाहुलीपटात एक कुंभार आपल्या रोपासाठी मडकं घडवतो, आणि एक प्रचंड हात येऊन त्याला सांगतो की मडकी सोड, हाताचा पुतळा कर. सांगतो म्हणजे खुणांनी. शब्द एकही नाही. कुंभाराच्या चेहऱ्यावरचे भाव मान किती झुकली आणि उजेड कुठून आला एवढ्यावरून बदललेले वाटतात. त्रन्का गेल्यावर त्या फिल्मवर त्यांच्या देशात बंदी आली. एकही वाक्य नव्हतं, तरी सत्तेला सगळं नीट कळलं होतं.

आता काळोखाकडे. काळा रंग फासला की काळोख झाला असं नसतं. अलेक्सांद्र अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी १९३३मध्ये टाचण्यांच्या पडद्यावर फिल्म केली. एका उभ्या पांढऱ्या फळीत लाखो टाचण्या, बाजूनं तिरपा उजेड. टाचणी जितकी बाहेर तितकी तिची सावली लांब आणि तो भाग तितका काळा. आत ढकलली की पांढरा. म्हणजे चित्रातली प्रत्येक करडी छटा ही खरीखुरी सावली. रशियाच्या यूरी नोर्श्तेइन यांनी धुकं केलं ते पातळ कागदानं: दृश्यावर कागद ठेवायचा आणि फ्रेमगणिक जरासा कॅमेऱ्याकडे उचलायचा. दोन्हीकडे तत्त्व एकच. काळोख किंवा धुकं ही झाकणारी वस्तू आहे, तिला जाडी आहे आणि ती कमी-जास्त करता येते.

घरी हे शिकायचं असेल तर सगळ्यात चांगला गुरू म्हणजे काचेवरची वाळू. खालून उजेड, वर वाळू: दाण्यांचा एकच थर असेल तर तपकिरी-करडं दिसतं, दोन-तीन मिलिमीटर झाला की ठार काळं. बोटानं वाळू सारली की उजेड उघडतो. म्हणजे तुम्ही आकृती काढत नाही, काळोख बाजूला करता. हा फरक हाताला कळला की पुढं कुठल्याही माध्यमात उपयोगी पडतो.

वाळू कन्हान नदीची चालते. बांधकामासाठी आलेली ओंजळभर वाळू आधी कणकेच्या, मग मैद्याच्या चाळणीतून काढायची. खाली पडलेल्यात धूळ असते. बादलीत पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. पाणी नितळ होईपर्यंत चार-पाच वेळा. मग वाळवून पुन्हा चाळा. अर्धा किलो हाताशी असली की पुरे. धूळ राहिली तर सारलेल्या जागी धुरकट थर उरतो आणि पांढरं कधीच स्वच्छ येत नाही. नवशिक्यांची पहिली फिल्म मळकी दिसते ती बहुतेक यामुळेच.

काच ५ मिलिमीटरची, साधारण १६ बाय १२ इंच, कडा घासून घेतलेली. तिच्याखाली चार-पाच इंचांवर दुधी ॲक्रिलिक आणि त्याखाली एलईडी पॅनल. ॲक्रिलिक दिव्याला टेकवलं तर दिव्यांचे ठिपके दिसतात, म्हणून मध्ये अंतर. वरचा थर मात्र काचेचाच हवा. ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात, शिवाय नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर स्थिर वीज साठून बारीक कण चिकटून बसतात. काचेवरही थोडा त्रास होतो; शॉट सुरू करण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात उलट होतं, वाळू गोळे धरते. तव्यावर गरम करून, गार करून मगच काचेवर घ्या.

कॅमेरा किंवा फोन बरोबर वर, खाली तोंड करून, स्टँडचा प्रत्येक स्क्रू आवळून. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकू शकतो. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, चित्र स्थिरच असल्यामुळे अर्धा सेकंदही चालेल. कॅमेऱ्याची लेन्स आपोआप छिद्र कमी-जास्त करणारी असेल तर प्रत्येक फोटोला ते किंचित वेगळं होतं आणि फिल्म लुकलुकते. जुनी हातानं फिरवायची लेन्स लावली की प्रश्न मिटतो. खिडक्यांना काळा कागद. अंगात काळा शर्ट, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेड काचेवर पडतो आणि तुम्ही हललात की तोही हलतो.

आणि कूलर बंद. पंखासुद्धा. मे महिन्यात ४५ अंशांवर हे सांगणं जिवावर येतं, पण वाऱ्यानं दाणे सरकतात, शिवाय कूलर सुरू होताना व्होल्टेज पडलं की तेवढी एक फ्रेम मंद येते. पॅनल पॉवर बँकेवर चालवा आणि काम पहाटे ४ ते ८ या वेळात करा. मातीच्या बाहुल्यांचं काम मात्र डिसेंबर-जानेवारीसाठीच राखून ठेवावं. तेलमिश्रित माती (प्लास्टिसिन) उन्हाळ्यात इतकं मऊ पडतं की उभ्या बाहुलीचे गुडघे दोन फोटोंच्या मधल्या वेळात वाकतात.

वाळूत मागं जाता येत नाही. पुढची फ्रेम करताना मागची मोडलेली असते, त्यामुळे मध्येच हात लागला तर अख्खा शॉट पहिल्यापासून. म्हणून सुरुवातीला एक शॉट चार-पाच सेकंदांपेक्षा लांब ठेवू नका. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोनदा, म्हणजे १२ चित्रं. तीन मिनिटांच्या फिल्मला २१६० चित्रं होतात. दिवसाला तीन-चार सेकंद हाती लागले तर दिवस चांगला गेला समजा.

भीती बहुतेक वेळा हालचालीत नसते, थांबण्यात असते. पात्रानं दाराकडे पाहिलं, तिथं काहीतरी आहे. लगेच दचकवलं तर प्रसंग हुकला. पाहिल्यावर २० ते २४ चित्रं तसंच राहू द्या, जवळपास दोन सेकंद. तेवढ्या वेळात प्रेक्षक स्वतः दाराकडे बघून येतो. मग मान फक्त सहा चित्रांत वळवा. पण एकच फोटो दोन सेकंद चालवला तर वाळूची सळसळ थांबते आणि व्हिडिओ अडकलाय असं वाटतं. त्यासाठी जवळजवळ सारखे तीन फोटो काढा, प्रत्येक वेळी आकृतीच्या कडेवरून ब्रश हलकेच फिरवून, आणि ते १-२-३-२-१-३ असे आडवेतिडवे लावा. सरळ १-२-३, १-२-३ लावले तर डोळा ते चक्र पकडतो. पापणीचंही तसंच: अर्धी मिटलेली एक, मिटलेली दोन, अर्धी उघडलेली एक. पण फार उधळू नका. अडीच मिनिटं न मिटलेली पापणी एकदाच, नेमक्या जागी मिटली की अंगावर काटा येतो.

शूटिंगआधी ॲनिमॅटिक कराच. कच्ची चित्रं खऱ्या लांबीनुसार ओळीनं लावा, कच्चे आवाज टाका आणि गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना वेगवेगळं दाखवून सांगायला लावा. काय घडलं यावर दोघांचं एकमत व्हायला हवं. का घडलं यावर नाही झालं तर उत्तम. अनेक मूक फिल्म इथंच फसतात: घटनाच धूसर ठेवतात आणि त्याला गूढ म्हणतात. कोण दार उघडून बाहेर गेलं हेच कळलं नाही तर प्रेक्षक घाबरत नाही, कंटाळतो.

आवाज ही या फिल्मची खरी भाषा. इथं कंजुषी केली तर बाकी सगळं वाया. मी तरी आवाज चार थरांत बांधायला सांगेन: खोलीचा, कपड्यांचा, पावलांचा आणि वस्तूंचा. यातला कपड्यांचा थर लोक हमखास विसरतात, आणि त्याशिवाय आकृतीला अंगच येत नाही. ती सावलीसारखी घरंगळत राहते. सुती धोतराचा पदर माइकजवळ चुरगाळला तरी ती माणूस होते.

साहित्य बाजारात शोधायची गरज नाही. हाड मोडण्याच्या आवाजाला वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या: एक जाड काडी आणि तिच्यासोबत दोन बारीक, एकाच वेळी मोडायच्या. एकटी काडी मोडली तर काडीच ऐकू येते. कातडी सोलण्याला आपलं संत्रं आहेच. साल जाड असेल असं फळ घ्या, माइकपासून १५ सेंटिमीटरवर, आणि साल सावकाश ओढा; घाईनं ओढलं तर नुसता कागद फाटल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंगच्या वेगाच्या निम्म्यानं वाजवलं की कुणालाही संत्रं आठवणार नाही. कूलरची ओली गवती जाळी मुठीत दाबली की चिखलातून काहीतरी सरपटतंय असं वाटतं. रेकॉर्डिंग रात्री २ ते ४, फ्रिजचं बटण बंद करून. परत चालू करायला विसरू नका.

एडिटिंगच्या मीटरवर खोलीचा आवाज उणे ४० डेसिबलच्या आसपास राहू द्या, वस्तूंचे आवाज उणे १२पर्यंत जाऊ द्या. आणि महत्त्वाच्या क्षणाआधी दहा फ्रेम खोलीचा आवाजच काढून टाका. प्रेक्षकाला काय बदललं ते सांगता येत नाही, पण तो खुर्चीत सावरून बसतो. थरथरणारी व्हायोलिनं लावू नका. ती "आता घाबरा" असं बोलून दाखवतात, आणि आपण तर न बोलायचं ठरवलं होतं.

फिल्म ऑनलाइन चढवली की काळोखाचे चौकोनी तुकडे आणि पट्टे पडतात, कारण व्हिडिओ दाबताना करड्या छटा एकमेकींत मिसळून टाकल्या जातात. त्यावर दोन उपाय. चित्रावर हलका दाणा (ग्रेन) पेरा, त्यानं पट्टे मोडतात. आणि फिल्म ४केमध्ये चढवा, बघणारे लहान पडद्यावर बघणार असले तरी. अगदी शून्य काळं ठेवू नका. सभागृहातल्या प्रोजेक्टरवर तसंही काळं करडं होतं आणि दाराच्या फटीतून उजेड येतोच. शेवटची तपासणी फोनवर, उजेड निम्मा ठेवून, भर दुपारी करा. तिथं पात्राची कड दिसली नाही तर कडेचा उजेड थोडा वाढवायला हवा.

आणि शेवटच्या चित्रानंतर नावांची पाटी लगेच आणू नका. ७२ फ्रेम पडदा काळा राहू द्या, आणि त्या तीन सेकंदांत खोलीचा आवाज तसाच चालू ठेवा.