लिफ्टशिवाय मोठे टायर: वीस मिलिमीटरचा हिशेब

माझ्या मोठ्या एसयूव्हीचे मूळ टायर २६५/६५ आर १७ या मापाचे होते. ते झिजल्यावर पुढचा संच एक पायरी मोठा घ्यायचा, पण स्प्रिंगची उंची वाढवून गाडी वर उचलणारी लिफ्ट बसवायची नाही, असे मी आधीच ठरवले होते. लिफ्टमुळे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे कोन वाढतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात आणि गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. शिवाय माझ्या गाडीत मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग एक्सल आहे, आणि दगडावर आधी टेकते ते त्याच्या मधोमध असलेले डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा. लिफ्टने चौकट वर जाते, डिफरन्शियल होते तिथेच राहते. ते जमिनीपासून उचलायचे असेल तर मोठ्या टायरखेरीज दुसरा उपाय नाही.

पहिला मोह अर्थातच २८५/७० चा होता. मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचात देतो, हे माहीत असले की बाकीचे काम वहीवर होते. मूळ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर निघाला, २८५/७० चा ८३१ आणि मधल्या २७५/७० चा ८१७. गाडी वर जाते ती व्यासातल्या वाढीच्या निम्मीच, म्हणजे २८५ ने ती २७ मिलिमीटर वर गेली असती आणि २७५ ने २० मिलिमीटर. सात मिलिमीटरच्या फरकासाठी एवढा विचार कशाला, असे मलाही वाटले होते.

माझ्यासारखीच गाडी आणि तीच रिम असलेल्या एका परिचिताकडून मी २८५ चे एक चाक चार दिवसांसाठी उसने आणले आणि ते पुढे उजवीकडे चढवले. सपाट जागेवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, तेव्हा कुठेही स्पर्श झाला नाही. बहुतेकांची तपासणी इथेच संपते, आणि माझीही जवळजवळ संपली होती. मग मुलांच्या खेळातल्या क्लेचे गोळे चाकाच्या खोबणीत सहा ठिकाणी चिकटवले: बंपरच्या कोपऱ्याच्या आत, मागच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर, मडफ्लॅपपाशी, चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या वरच्या आर्मजवळ आणि बॉडी ज्या कंसावर चौकटीला टेकते त्या धातूच्या कंसावर दोन. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक रॅम्पवर चढवले, म्हणजे त्या दोन्ही कोपऱ्यांची स्प्रिंग दाबली गेली, आणि त्या स्थितीत कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश वळवायला सांगून मी बाजूला उभा राहिलो. (या वेळी खोबणीत हात घालायचा नाही, गोळे पाहायचे ते चाक थांबल्यावर आणि इंजिन बंद केल्यावर.) धातूच्या कंसावरचे दोन्ही गोळे कागदासारखे चपटे झाले होते. प्लॅस्टिकला टायर घासला तर खरखर येते आणि चरा पडतो. धातूच्या कडेला घासला तर टायरच कापला जातो. तो कंस कापून पुन्हा वेल्डिंग करून घेणारे लोक आहेत, पण बॉडी जिथे चौकटीला धरून ठेवली आहे तिथे ग्राइंडर लावायला माझे मन धजले नाही. त्या सात मिलिमीटरचा निकाल तिथेच लागला आणि मी २७५/७० वर आलो.

रिमच्या मागे पातळ स्पेसर म्हणजे चकती लावून किंवा कमी ऑफसेटची, म्हणजे चाक अधिक बाहेर बसवणारी रिम घेऊन चाक बाहेर सरकवले की घासणे थांबते, असा सल्ला मला अनेकांनी दिला. वरचा आर्म आणि चौकट यांच्यापुरता तो खरा आहे. पण वळताना चाक स्वतःच्या मध्याभोवती फिरत नाही. ते वरच्या आणि खालच्या आर्मच्या टोकांवरील दोन बॉल जॉइंटना (गोल सांध्यांना) जोडणाऱ्या तिरप्या रेषेभोवती फिरते. चाक त्या रेषेपासून जितके बाहेर, तितका त्याच्या कडांनी घेतलेला फेरा मोठा, आणि तो फेरा नेमका बंपरच्या कोपऱ्याला व मडफ्लॅपला गाठतो. आत मिळालेली जागा बाहेर दुपटीने द्यावी लागते, असे माझे मत झाले आहे. मूळ साडेसात इंच रुंदीची रिम २७५ साठी चालणारी होती, म्हणून ती तशीच ठेवली. त्यामुळे टायर आत आणि बाहेर केवळ पाच-पाच मिलिमीटरच वाढला.

खरेदी करताना व्यासाइतकेच लक्ष मी लोड इंडेक्सवर, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणाऱ्या आकड्यावर दिले. मूळ टायरवर ११२ होता, म्हणजे प्रत्येक टायरला ११२० किलो. नव्यावर ११४, म्हणजे ११८०. मूळ आकड्याच्या खाली जायचे नाही, हा नियम मी पाळला. जमिनीला लागणाऱ्या ट्रेडच्या कडेला मोठे ठोकळे असलेला चिखलाचा टायर मात्र घेतला नाही, कारण तेच माप असूनही ते ठोकळे खांद्यावरून बाहेर येतात आणि वहीवरचा हिशेब चुकवतात.

चारही टायर बसवल्यावर क्लेची तपासणी पुन्हा केली आणि ती पार पडली. त्यानंतर आठवड्याभराने, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना, एका चढावर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून मागे घेत होतो, तेव्हा डाव्या चाकातून खर्रकन आवाज आला. उजवीकडे वळवले की डाव्या चाकाची मागची कड बाहेर येते; तिथेच मडफ्लॅपला धरणारा एक स्क्रू अस्तरातून किंचित पुढे आलेला होता. रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी भरलेल्या गाडीची हमी देत नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते. तो स्क्रू काढून चपट्या डोक्याचा बसवला, मडफ्लॅपची आतली कड कापली आणि प्लॅस्टिकचे अस्तर गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून लाकडी ठोकळ्याने मागे दाबून थंड होऊ दिले.

उरलेले काम अलाइनमेंटमध्ये झाले. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाशी असलेले विकेंद्री बोल्ट फिरवून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा मागे झुकलेला कोन, वाढवला की चाक किंचित पुढे सरकते. मला मागे चार मिलिमीटर जागा मिळाली, अर्थात तेवढीच बंपरकडून गेली. पण तिथे ती शिल्लक होती. स्टिअरिंग थोडे जड झाले आहे आणि सरळ रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा स्थिर धावते.

स्पीडोमीटरचे मला कुतूहल होते. पूर्वी काटा १०० वर असताना जीपीएस ९६ दाखवत असे, कारण कारखान्यातून येणारे मीटर सहसा वेग थोडा जास्तच दाखवतात. व्यास ५.२ टक्क्यांनी वाढल्यावर त्याच काट्याला जीपीएस १०१ दाखवतो, म्हणजे मीटर आता वेग कमी सांगतो आणि वेगमर्यादेजवळ मला ते लक्षात ठेवावे लागते. अंतराचा आकडाही तेवढाच मागे राहतो. इंधनाचा हिशेब करताना मीटरवरचे १००० किलोमीटर प्रत्यक्षात १०५२ धरले, तर मायलेज जितके घसरल्यासारखे दिसते त्यातला बराच भाग नाहीसा होतो. उरलेली घट खरी आहे, कारण टायर जड आहेत. चढावर गिअर लवकर खाली येतो आणि ब्रेकला पाय थोडा अधिक दाबावा लागतो.

इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना देणारी गाडी असल्यामुळे स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागली. वेगळ्या व्यासाचे एक चाक लावून लांब गेले तर पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले डिफरन्शियल सतत राबत राहते. मागे पोटाखाली ती बसली, पण टोइंगच्या कंसापासून तिचे अंतर जेमतेम एक बोट आहे. पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने सर्व नट पुन्हा तपासले, तेव्हा दोन नट किंचित फिरले. डाव्या अस्तरावर पडलेल्या चऱ्याच्या दोन्ही टोकांना मी खडूने खुणा केल्या होत्या; भरलेल्या गाडीच्या तीन प्रवासांनंतरही चरा त्या खुणांच्या आतच आहे.