तू आणि तू: इंग्रजीतून कुराण वाचताना

गेले काही महिने रात्री झोपायच्या आधी मी कुराणाची इंग्रजी भाषांतरं वाचतेय. एक नाही, चार. शेजारी शेजारी उघडून एकच आयत (आपल्याकडच्या श्लोकासारखी) चारही ठिकाणी वाचायची आणि मगच पुढच्या आयतीकडे जायचं, त्यामुळे एका बैठकीत जेमतेम पानभर होतं. याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत राहून जात होतं पण परवा दोन शब्दांवर अशी अडकले की आता लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

ते शब्द म्हणजे 'यू अँड यू'.

अर-रहमान ही कुराणातली ५५वी सूरा, म्हणजे अध्याय. तिच्या ७८ आयतींत एकच ओळ ३१ वेळा येते, फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान, म्हणजे साधारण असं की मग तुमच्या पालनकर्त्याच्या कुठल्या कुठल्या देणग्या तुम्ही नाकाराल? मार्माड्यूक पिक्थॉल आणि अब्दुल्ला युसूफ अली या दोघाही भाषांतरकारांनी इथे जुन्या इंग्रजीतलं 'यी' वापरलंय, तुम्ही, साधं अनेकवचन. आर्थर आर्बरी मात्र लिहितात 'विल यू अँड यू डिनाय'. तू आणि तू नाकाराल? पहिल्यांदा मला वाटलं छापताना शब्द चुकून दोनदा पडलाय. मग पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच, तेव्हा अरबी शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला.

ती म्हणाली, "अगं, द्विवचन आहे ते. शाळेत संस्कृतात घोकलंस ना, एकवचन द्विवचन बहुवचन, अगदी तसंच."

म्हणजे हा प्रश्न दोघांना विचारलाय, माणसांना आणि जिनांना (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना), आणि अरबीत त्या 'कुमा'मध्येच 'तुम्हा दोघांच्या' हे आलेलं असतं, वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत द्विवचन नाही. मराठीतही नाही, पण आपण ते संस्कृतात पाहिलेलं असतं त्यामुळे काय हरवलंय ते आपल्याला चटकन कळतं. पुढे अब्दुल हलीम यांनी २००४ च्या त्यांच्या भाषांतरात सरळ 'यू बोथ' केलं, ते वाचायला सोपं आहे आणि बरोबरही आहे. पण मला आर्बरींचं जास्त आवडतं. 'तुम्ही दोघं' म्हटलं की एक घोळका होतो, 'तू आणि तू' म्हटलं की विचारणारा आधी एकाकडे वळून बघतो आणि मग दुसऱ्याकडे.

हे कळल्यावर ती सूरा परत पहिल्यापासून वाचली तर सगळीकडे जोड्याच दिसायला लागल्या. सूर्य आणि चंद्र, दोन पूर्व आणि दोन पश्चिम, एकमेकांना भेटणारे पण हद्द न ओलांडणारे दोन समुद्र, पुढे दोन बागा, त्यात दोन झरे. आणि मैत्रिणीने फोनवरच थोडं म्हणून दाखवलं तेव्हा लक्षात आलं की अरबीत द्विवचनाचा शेवट 'आन' असा होतो आणि या सूरेतलं यमकही 'आन'च आहे. म्हणजे व्याकरणच यमक झालंय! हे कुठल्याही भाषांतरात आणता येणार नाही, पण आर्बरींच्या त्या अडखळायला लावणाऱ्या दोन शब्दांनी मला निदान दारापर्यंत तरी नेलं.

मुळात माझं हे वाचन भाषेच्या ओढीनेच सुरू झालं. मला अरबी येत नाही. आणि पहिला प्रयत्न फसलाच होता, कारण मी कादंबरी उघडावी तसं पहिल्या पानापासून सुरू केलं. पहिली सूरा सात आयतींची, ती छान झाली, आणि मग लगेच दुसरी, २८६ आयतींची, सगळ्यात लांब, त्यात कथा आहेत, कायदे आहेत, उसनवारी लिहून कशी ठेवायची याची एक भलीमोठी आयत आहे जी अख्ख्या कुराणात सगळ्यात लांब आहे. मी हरवून गेले आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर याच मैत्रिणीने सांगितलं की शेवटाकडून ये. ११४ सूरांचा क्रम साधारण लांबीने आहे, मोठ्या आधी, छोट्या शेवटी, आणि शेवटच्या त्या छोट्या सूरांपैकी बऱ्याचशा मक्केतल्या, अगदी सुरुवातीच्या काळातल्या आहेत. दोन-तीन शब्दांच्या आयती, श्वासाश्वासाला यमक. भाषेसाठी येणाऱ्याने तिथूनच आत शिरावं असं मला आता मनापासून वाटतं.

मुसलमानांच्या दृष्टीने कुराण म्हणजे अरबीतलंच, भाषांतर हे फक्त अर्थ सांगणं, आणि चांगल्या भाषांतरकारांनी हे पुस्तकाच्या नावातच कबूल करून टाकलंय. पिक्थॉल आधी कादंबऱ्या लिहायचे, पुढे मुसलमान झाले. १९३० साली त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात 'मीनिंग' हा शब्द घातला, आणि प्रस्तावनेत मूळ कुराणाला नक्कल न करता येणारी सिंफनी म्हटलं. आर्बरी केंब्रिजचे प्राध्यापक, त्यांच्या १९५५ च्या पुस्तकाचं नाव 'द कोरान इंटरप्रेटेड'. कैरोत असताना रमजानच्या रात्री शेजारच्या घरी एक वृद्ध शेख कुराण म्हणायचे आणि आपण व्हरांड्यात बसून ऐकत राहायचो, असं आर्बरींनी लिहून ठेवलंय. ते त्यांच्या इंग्रजीत ऐकू येतं. ओळी कुठे तोडायच्या, कुठे आत सरकवायच्या हे त्यांनी कानाने ठरवलंय असं वाटतं, त्यामुळे त्यांना मोठ्याने वाचावं लागतं. मी दार लावून घेऊन मोठ्याने वाचते.

आता ९३वी सूरा बघा, अद-दुहा. काही काळ पैगंबरांकडे संदेश येणं थांबलं होतं, लोक म्हणायला लागले होते की याच्या देवाने याला टाकलं, आणि त्या काळजीवर फुंकर घालायला ही सूरा आली असं परंपरा सांगते. चढत्या सकाळची आणि निवांत झालेल्या रात्रीची शपथ घेऊन ती म्हणते, मा वद्दअक रब्बुक व मा कला. तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलं नाही, आणि तिरस्कारही केला नाही. यात 'वद्दअक'मधला शेवटचा 'क' म्हणजे 'तुला'. सोडण्याबरोबर 'तुला' आहे. तिरस्काराबरोबर नाही! नुसतं 'कला'. यमकासाठी ते तसं लागतंच, पण अरबीचे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात, की तिरस्कार हा शब्द आणि 'तू' हे एकमेकांना चिकटू दिलेले नाहीत, नकारातसुद्धा नाही. केवढं जपणं आहे हे.

इंग्रजीत काय होतं? पिक्थॉल आणि आर्बरी दोघांनाही 'हेट'पुढे 'दी', म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'तुला', घालावं लागलं, कारण इंग्रजी क्रियापद कर्माशिवाय लटकत राहतं. एकट्या युसूफ अलींनी वाट काढली. क्रियापदच बदललं, तो नाराजही नाही, आणि 'तुला' गाळलं. त्यात धार थोडी कमी झाली पण जपणूक राहिली. आणि वर मी मराठीत लिहिलेलं वाक्य परत वाचा, 'तुला सोडलं नाही, आणि तिरस्कारही केला नाही'. आपल्याला काही करावंच लागलं नाही! आपलं वाक्य 'तुला' गाळून सहज उभं राहतं. ही गंमत लक्षात आली त्या रात्री मला खूप वेळ झोप लागली नव्हती. पुढच्या आयतीही तशाच आहेत. तुला पोरका पाहिलं आणि आसरा दिला, वाट हरवलेला पाहिलं आणि वाट दाखवली. मुळातही दुसऱ्या अर्ध्यात 'तुला' नाही, मराठीतही नको.

तेव्हापासून एक सवय लागली. इंग्रजी वाचायचं आणि एखादा शब्द दगडासारखा लागला की खाली काय आहे ते अरबीत बघायचं, आणि किती वेळा तरी खाली आपलाच शब्द निघतो. याच सूरेत पुढे इंग्रजीत 'द लास्ट' आणि 'द फर्स्ट' असं येतं, शेवटचं पहिल्यापेक्षा चांगलं असेल, आणि मुळात शेवटच्यासाठी शब्द आहे आखिरा, म्हणजे आपलं अखेर. ९६व्या सूरेत, जी सगळ्यात आधी उतरली असं मानतात, त्याने लेखणीने शिकवलं असं आहे आणि तिथे 'कलम' आहे, जे आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलंय. 'देव आम्हाला पुरेसा आहे' अशी एक आयत आहे, तिच्यात देवाला उत्तम वकील म्हटलंय. इंग्रजीत त्याचं गार्डियन होतं, डिस्पोझर ऑफ अफेअर्स होतं, आणि ते सगळं योग्यच आहे, पण आपलं सगळं ज्याच्या हाती सोपवावं तो वकील, हे आपल्याला शब्द कानावर पडताच कळतं. हिशोब, गाफील, इनाम, सबुरी ही सगळी त्याच घरातली, फारसीतून फिरून आलेली माणसं. रहमान आणि रहीम तर विचारूच नका. इंग्रजीत मर्सिफुल, कम्पॅशनेट. ज्या धातूतून हे दोन्ही शब्द येतात त्यातूनच अरबीत गर्भाशयाचा शब्दही येतो. हे समजल्यावर 'मर्सी' हा शब्द मला एखाद्या न्यायाधीशाच्या तोंडचा वाटायला लागला, आणि मुळातला शब्द आईच्या पोटातला.

इंग्रजीत काहीच नाही असं मात्र मी म्हणत नाहीये. प्रकाशाची जी प्रसिद्ध आयत आहे, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत, काच जणू चमकता तारा, आणि तेल असं की विस्तवाचा स्पर्श न होताही उजळेल, तिथे आर्बरींचं इंग्रजी इतकं सुंदर वाहतं की मी अजून त्या आयतीसाठी दुसरं भाषांतर उघडत नाही.

आणि ८१वी सूरा, अत-तकवीर. इंग्रजीतूनही अंगावर काटा आला ती ही. सुरुवातच 'व्हेन'ने. जेव्हा सूर्य गुंडाळला जाईल. (फेटा गुंडाळण्यासाठी वापरतात तेच क्रियापद. कुणी त्याचं काळवंडणं केलंय, युसूफ अलींनी घडी घालणं.) जेव्हा तारे निखळतील. जेव्हा डोंगर चालायला लागतील. जेव्हा दिवस भरत आलेल्या गाभण उंटिणींकडे कुणी बघणार नाही, आणि वाळवंटातल्या माणसासाठी तिच्याहून मोठी दौलत नव्हती. जेव्हा, जेव्हा, जेव्हा. असे १२ 'जेव्हा' आहेत आणि 'तेव्हा' कुठेच येत नाही, वाक्य नुसतं ताणलं जातं, ते थेट १४व्या आयतीत सुटतं, तेव्हा प्रत्येक जीवाला कळेल त्याने काय आणलंय. आपल्याला हा ताण इंग्रजी वाचकापेक्षा जास्त जाणवत असेल, आपला 'जेव्हा' 'तेव्हा'ची वाट बघतच असतो.

पण ही रांग मध्ये एकदाच तुटते. आठवी आयत, जेव्हा जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल. नववी आयत, कुठल्या अपराधासाठी तिला मारलं. त्या काळच्या अरबस्तानात मुली पुरल्या जायच्या. पहिल्या १३ आयतींमध्ये ही एकच 'जेव्हा'शिवायची आहे. सूर्य विझतोय, समुद्र उकळतायत, सगळं विश्व एका लयीत कोसळतंय, आणि ती लय थांबते ती फक्त त्या मुलीपाशी, तिचा प्रश्न विचारला जाईपर्यंत. प्रश्नही मारणाऱ्याला नाही, तिला विचारलाय, म्हणजे बोलायचं तिने. मग पुन्हा जेव्हा सुरू. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आर्बरींच्या पानावर डाव्या कडेला 'व्हेन' 'व्हेन'ची उभी रांग दिसत होती आणि तिच्यात एक खाच दिसली.

मग त्याच सूरेत थोडं पुढे रात्रीची शपथ आहे आणि पहाटेची. रात्रीसाठी 'अस्अस' असं क्रियापद आहे, त्याचे दोन्ही अर्थ होतात, रात्र दाटून येणं आणि रात्र ओसरणं. भाषांतरकाराला एक निवडावाच लागतो. पिक्थॉल आणि युसूफ अलींनी सरणारी रात्र घेतली, अब्दुल हलीम यांनी उतरणारी, आर्बरींनी 'स्वॉर्मिंग'. चारही पुस्तकं एकत्र उघडी असली की रात्र येतेही आणि जातेही.

पहाटेसाठी आहे, वस्सुब्हि इजा तनफ्फस. पहाट श्वास घेते तेव्हाची शपथ. आर्बरींची पहाट उसासा टाकते. मी मराठीत करून बघितलं, 'आणि पहाट, ती श्वास सोडते तेव्हा', आणि मैत्रिणीला पाठवलं. तिचा फोन आला.

"चांगलं आहे. पण तो शब्द तोंडाने म्हण एकदा. तनफ्फस. घाई करू नकोस."

मी म्हटलं. त्या जोडलेल्या 'फ्फ'वर ओठ आणि दात जवळ येतात आणि हवा अडते, आणि मग 'स'वर ती हळूहळू बाहेर जाते.

"आता?" ती म्हणाली.

मी परत म्हटलं.