पाण्याचं भांडं उचलून ठेवलं ती रात्र

गाडीचा धक्का बसून आमच्या कुत्रीचं, राणीचं डोकं आपटलं तेव्हा ती चार वर्षांची होती. तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी आली ती मान तिरकी, पाय लटपटत, पण शेपूट हलवत. जीव वाचला, बाकी सगळं होईल हळूहळू, असं मी धरून चालले होते.

आठवडाभरात तिचं पाणी वाढलं. भांडं रिकामं झालं की त्याच्या तळाशी जीभ फिरवत बसायची. रात्री दोन-तीनदा घरातच लघवी, नुसत्या पाण्यासारखी, ना रंग ना वास. मेंदूला मार लागलाय, बाहेर जायची सवय विसरली असेल, असं वाटून मी एका रात्री भांडंच उचलून ठेवलं. ते मला अजून सलतं. सकाळी ती न्हाणीघराची ओली फरशी चाटत होती आणि हाक मारली तरी वळून बघत नव्हती.

रक्तातलं सोडियम १६४ निघालं. कुत्र्यांत साधारण १५५ च्या वर गेलं की ते जास्तच. सलाइन लावून ते दोन दिवसांत हळूहळू खाली आणलं, कारण घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते. त्या दोन दिवसांत डॉक्टरांनी मला एक गोष्ट नीट समजावली. ती जास्त पाणी पिते म्हणून जास्त लघवी होते, असं नाही; लघवीवाटे पाणी वाहून जातं म्हणून तिला प्यावं लागतं. व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मेंदूच्या तळाशी तयार होतं, पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. डोक्याच्या मारात ती ग्रंथी किंवा तिचा नाजूक देठ दुखावला की हे काम थांबतं. आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काही संबंध नाही.

निदानाआधी मूत्रपिंडं, यकृत, साखर, कॅल्शियम सगळं तपासलं. घरी मला एकच काम होतं, पाणी मोजायचं. मोजपात्राने भरायचं, उरलेलं वजा करायचं, वहीत लिहायचं. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलीच्या वर गेलं तर ते जास्त धरतात. राणी १४ किलोची, म्हणजे १४०० मिली. ती ३२०० पीत होती. लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती दाट ते, १.००३, जवळजवळ पाणीच. पाणी तोडून लघवी दाट होते का ते बघायची चाचणी डॉक्टरांनी टाळली, कारण ती नकळत मीच करून बसले होते. त्याऐवजी व्हॅसोप्रेसिनचं काम करणारं डेस्मोप्रेसिन सुरू केलं. माणसांनी नाकात घ्यायचं हे औषध कुत्र्याच्या खालच्या पापणीत थेंबाने टाकतात. तिसऱ्या दिवशी वहीत ८५० मिली लिहिलं आणि मी तिथेच बसून रडले.

थेंब जास्त झाले तर उलटं होतं: पाणी अंगात साठतं, सोडियम घसरतं, कुत्रा सुस्तावतो, उलट्या होतात. म्हणून पुढचा थेंब टाकण्याआधी एकदा पातळ लघवी होऊ द्यायची, असं आमचं ठरलंय. भांडं आता दिवसरात्र भरलेलं असतं.

मारानंतरचा हा आजार काही कुत्र्यांत आपोआप ओसरतो. चौथ्या महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून थेंब थांबवून पाहिले. दुसऱ्याच दिवशी पाणी २६०० वर गेलं, म्हणून पुन्हा सुरू केले. त्याच ग्रंथीच्या हाताखाली थायरॉइड आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकंही येतात, तेव्हा तीही तपासून घेतली. कॉर्टिसॉल ठीक आहे. थायरॉइड खालच्या कडेला आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचंय.