मास्टरपीस ठरवते कोण?

कलेच्या इतिहासावर बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : एखादी कृती मास्टरपीस आहे, हे ठरवते कोण? तुम्हीही तोच विचारलात म्हणून लिहितो. हा शब्द ज्या व्यवहारातून आला, तिथे या प्रश्नाचे उत्तर अगदी नेमके होते : त्याच धंद्यातले जाणते कारागीर.

मध्ययुगीन युरोपातल्या शहरांत उमेदवारी संपवून आणि नंतर काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने राबून ज्याला स्वतःचे दुकान थाटायचे असे, त्याला आधी परीक्षेचे काम, म्हणजेच मास्टरपीस, घडवून दाखवावे लागे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या सोनारांना १५३१ पासून तीन वस्तू नेमून दिल्या होत्या : अकिलेजियाच्या फुलाच्या आकाराचा चांदीचा पेला, खडा बसवलेली सोन्याची अंगठी आणि कोरलेली मुद्रा. पेल्यातून ठोकाई, अंगठीतून कोंदण आणि मुद्रेतून कोरीव काम पारखले जाई. पेला विशेष अवघड, कारण चांदीचा पत्रा हातोडीने उठवत एकमेकांत गुंतणारे फुगवटे काढायचे आणि त्यांतला एकही लहानमोठा दिसू द्यायचा नाही. नमुना ठरलेला असे. नवी कल्पना कोणी मागतच नव्हते, आणि मला हेच सर्वांत लक्षणीय वाटते, कारण आज मास्टरपीस म्हटले की आपण सर्वांत आधी अपूर्वता शोधतो. ही परीक्षा सर्वांना सारखी होती असे मात्र नाही. उस्तादांच्या मुलांना अनेक ठिकाणी सवलत मिळे.

चित्रकार आणि शिल्पकार कारागिरांच्या पंगतीतून उठू लागले, तसा अर्थही सरकला. पॅरिसमध्ये १६४८ साली राजाश्रयाने त्यांची अकादमी स्थापन झाली, तरी प्रवेशासाठी स्वतः घडवलेली कलाकृती देण्याची अट राहिलीच. वातो या चित्रकाराला १७१२ साली तिथे प्राथमिक मान्यता मिळाली, पण सिथेरा बेटाच्या यात्रेचे चित्र त्याने दिले ते १७१७ साली. प्रवेशापोटी दिलेले हेच काम आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि त्याच्या श्रेष्ठ चित्रांत गणले जाते, म्हणजे शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ त्याला लागू पडतात. पुढे फ्रान्समध्ये १७९१ साली अशा परीक्षा घेणारे कारागिरांचे संघ मोडीत निघाले, १७९३ साली लूव्र लोकांसाठी खुले झाले आणि निवाडा हळूहळू प्रेक्षक, समीक्षक आणि संग्रहालये यांच्याकडे गेला. त्यामुळे कला पुष्कळांपर्यंत पोचली, याचा मला आनंद आहे. परंतु ते काम स्वतः करू शकणाऱ्याची पारख त्या निवाड्यातून मागे पडली, हे नुकसान मला खरोखर मोठे वाटते.

ती पारख पुरती संपलेली नाही. जर्मनीत उस्तादाची पदवी घेऊ पाहणारा सुतार आजही परीक्षेसाठी वस्तू घडवतो. आता रचना त्याची स्वतःची असते, आराखडा आणि खर्चाचा हिशेबही त्यालाच मांडावा लागतो, आणि खणाचे सांधे तपासणाऱ्यांत त्याच धंद्यातले उस्ताद असतात.