माळावरचा डोंबारी

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात लोक चिंकारा बघायला येतात. मीही दोन वर्षं तेवढ्यासाठीच जात होतो. मग एका फेब्रुवारीत, सकाळी बाहेरच्या मुरमाड माळावर बसलो असताना डोक्यावरून लांबलचक शीळ आली. वर पाहिलं तर चिमणीहून लहान पाखरू पंख फडफडवत चढत होतं. बरंच उंच गेल्यावर त्यानं पंख मिटले आणि सरळ खाली सूर मारला. आता आपटतंय असं वाटेपर्यंत पुन्हा वर, पुन्हा सूर, पुन्हा शीळ. शेवटी एका ढेकळावर येऊन बसलं. याला डोंबारी का म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

हा चंडोलाच्याच कुळातला. नराचं डोकं राखाडी, गाल पांढरे, डोळ्यांवरून काळा पट्टा आणि पोट काळं कुळकुळीत. मादी मात्र मातकट, चिमणीच्या मादीसारखी. तुरळक गवत, नांगरून टाकलेलं रान, खडकाळ माळ, हेच यांचं घर. बिया आणि किडे टिपत जमिनीवर तुरुतुरु चालायचं. धोका वाटला की उडायच्या आधी जागच्या जागी दबकून बसायचं. मग दोन हातांवर असलं तरी दिसत नाही.

म्हणूनच माझा पाय एकदा घरट्यावर पडता पडता राहिला. बुटाजवळून मादी उडाली म्हणून थबकलो. कुसळी गवताच्या बुडाशी, तळहातात मावेल एवढा खळगा. आत गवताच्या काड्यांचं मऊ अस्तर, काठाला बारीक खडे लावलेले. मधे दोन फिकट अंडी, तपकिरी ठिपक्यांची. ऊन चढत होतं, म्हणून लगेच मागे सरलो आणि लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं नर येऊन अंड्यांवर बसला. यांच्यात उबवायचं काम दोघंही करतात.

त्याच माळाच्या एका कडेला पुढच्या पावसाळ्याआधी झाडं लावायला ओळीनं खड्डे खणले. गावात सगळ्यांना आनंद झाला. मला नाही झाला. झाडं मलाही आवडतात. पण कागदावर ‘पडीक’ लिहिलेल्या या जमिनीवर मेंढरं चरतात, लांडगा फिरतो आणि त्या बारीक खड्यांच्या काठाआड दोन अंडी असतात. दाट सावलीत डोंबारी राहत नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. खड्ड्यांच्या बाजूला सामसूम होती. पलीकडच्या उघड्या मुरमावर मात्र दोन नर एकामागून एक सूर मारत होते. मान दुखेपर्यंत बघत बसलो.