जीपच्या दारातलं स्टूल

ओर्सोला (लान्सारोते बेट, कॅनरी बेटं, स्पेन), मंगळवार, रात्री साडेदहा

ईरा झोपली. सायली आणि अमेय खाली उद्याचं ठरवत बसलेत. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी लिहायला बसलेय. आज दिवसभरात केवढं काय काय पाहिलं, आणि वही उघडल्यापासून डोळ्यांसमोर येतंय ते एक लाकडी स्टूल.

स्टूल कसलं, चौरंगच म्हणावा असं. दीड वीत उंच, कडा झिजलेल्या, वरती कुठल्याशा जुन्या सतरंजीचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. ड्रायव्हरने ते मागच्या बाकाखालून ओढून काढलं, जीपच्या दाराशी मांडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सेन्योरा." बाकी कुणाकडे त्याने बघितलंही नाही.

मी चढले. हसून "ग्रासियास"ही म्हटलं. पण बाकावर टेकल्यावर घशात जे काही दाटलं ते पार पेद्रो बार्बाची वस्ती येईपर्यंत तसंच होतं.

जीप माझ्यासाठीच ठरवलेली होती, हे मला माहीत होतं. सायलीचा मूळ बेत सायकलींचा. लान्सारोतेशेजारचं ला ग्रासिओसा बेट आहेच केवढं, सगळं मिळून 29 चौरस किलोमीटर. डांबरी रस्ता एकही नाही, सगळ्या वाळूच्या आणि मुरमाच्या वाटा. धक्क्यावर उतरल्या उतरल्या सायकली भाड्याने मिळतात, लोक त्या घेतात नाहीतर सरळ चालत सुटतात. चालायला सुरेख बेट. सगळ्यात उंच डोंगर 266 मीटरचा. दिवाळीपर्यंत मी रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येत होते. राजगडचा बालेकिल्ला चढले त्याला अजून तीन वर्षंही झाली नाहीत, आणि तेव्हा वरून खाली बघून ह्यांना फोन लावला होता... असो.

सकाळी बोटीतून कडा दिसला तेव्हा मी किती खूश होते! ओर्सोलाचं टोक वळेपर्यंत लाटा अशा उसळत होत्या की ईरा माझ्या कुशीत शिरून बसली होती. टोक वळलं आणि पाणी एकदम निवलं. या दोन बेटांमधल्या समुद्राला इथले लोक 'एल रिओ' म्हणतात, म्हणजे नदी. आणि डाव्या हाताला रिस्को दे फामारा. लान्सारोतेचा हा उत्तरेकडचा कडा बघून मला क्षणभर माळशेजच्या खाली उभी असल्यासारखं वाटलं. तसेच थरावर थर, तसाच काळा-तांबूस कातळ, तशाच उभ्या घळी. लाव्हा येत गेला, थिजत गेला, पुन्हा वर नवा आला. आपल्या सह्याद्रीचं हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलं. हा कडा त्यापुढे लहान, आणि समोरचं ला ग्रासिओसा तर अगदीच कोवळं. तिथले ज्वालामुखी अजून वाटीसारखे दिसतात, पावसापाण्याने झिजून त्यांचे गड झालेले नाहीत. मी ईराला हे सगळं सांगत होते, ती डोळे मोठे करून ऐकत होती. तोवर मी म्हणजे मीच होते.

ला ग्रासिओसावरच्या कालेता दे सेबो गावाच्या धक्क्यावर जुन्या लँड रोव्हर ओळीने उभ्या होत्या. आपल्याकडच्या वडापसारखी मागे समोरासमोर बाकं. आमच्यात एक जर्मन जोडपंही होतं. त्या बाई माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठ्या, केस पांढरेशुभ्र. निघण्याआधी ड्रायव्हरने पाण्यापलीकडच्या त्या कड्याकडे बोट केलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझी आजी तिथून चढून जायची. डोक्यावर माशांची टोपली घेऊन.

हे मी आधी वाचलं होतं, पण ज्याची आजी होती त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. या बेटावर पिकत काही नाही, गोडं पाणी नाही. पुरुष समुद्रावर, आणि बायका होडीतून पलीकडे जाऊन तो कडा चढायच्या. वर आरिया गावात आणि आसपासच्या वाड्यांवर मासळी द्यायची, बदल्यात धान्य, बटाटे, जे मिळेल ते घ्यायचं आणि पुन्हा तीच वाट उतरायची. धक्क्यावरून ती नागमोडी वाट अजूनही बारीक दोऱ्यासारखी दिसते. मला आमच्या दारावर येणारी पाटीवाली आठवली. पाटी उतरवायला आईला हाक मारायची, "वैनी, हात लावा जरा." एक हात आईचा, एक तिचा. ती हाक मला किती वर्षांनी ऐकू आली.

आणि हे सांगून झाल्यावर, त्याच पावली, त्याने ते स्टूल काढलं. माझ्यासाठी.

जर्मन बाई चाकाच्या कडेवर पाय देऊन आत आल्या. हातात चालायच्या काठ्या, तरी आल्या.

काय दिसलं असेल त्याला माझ्यात? मी लंगडत नव्हते. धक्क्यावर सायलीचा हातही धरला नव्हता, आठवून आठवून बघितलं, नव्हता धरला. साडी नव्हे, पंजाबी ड्रेस होता, पायांत बूट होते. म्हणजे चालण्यातच काहीतरी दिसतं का आता? पाय टेकण्याआधी मी थबकते का? रोज माणसं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याला ते लांबूनच कळत असेल. दवाखान्यात एक्स-रे बघून डॉक्टरांनी उतार टाळायला सांगितला, तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ते कागदावरचं होतं. हे एका अनोळखी माणसाने नुसतं बघून ओळखलं.

जीप निघाली. धुळीचा लोट. दोन्ही बाजूंना खुरटी, खारट मातीत जगणारी झुडपं, मधूनच एखादा दगडी गडगा. झाड म्हणावं असं गाव सुटल्यावर दिसलं नाही. तो बोलत होता, सायली मराठीत सांगत होती आणि मी अर्धं ऐकत होते. वर्षभर राहणारी माणसं सातशेच्या आसपास. पिण्याचं पाणी लान्सारोतेहून, समुद्राचंच गोडं करून, समुद्राखालच्या नळातून येतं. 2018 साली स्पेनच्या सेनेटने या बेटाला आठवं बेट म्हणून मान्यता दिली, तोवर कॅनरी बेटं सात असंच शाळेत शिकवायचे. हे सांगताना त्याचा आवाज बदलला. आम्ही होतोच की, असं काहीतरी तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर हात आपटला. सायलीने त्याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही.

लास कोंचासच्या किनाऱ्यावर पहिला थांबा. उतरताना पुन्हा स्टूल. पुन्हा "सेन्योरा." सायलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ते मला स्टुलापेक्षा जास्त लागलं.

समोर जे होतं ते मात्र शब्दात धरता येणार नाही. मागे मोंतान्या बेर्मेखा, गेरूच्या रंगाचा डोंगर. ज्वालामुखीतून उडालेल्या राखेतलं आणि खडीतलं लोखंड गंजून तो रंग येतो, जुन्या तव्यासारखा. पुढे सोनेरी वाळू, तिच्यापुढे निळंशार पाणी आणि त्यात मोंतान्या क्लाराचं ओसाड बेट. लाटा एवढ्या मोठ्या की इथे पोहायला उतरू नका असं ड्रायव्हरने दोनदा बजावलं, आत ओढून नेतं म्हणे पाणी. सगळे वाळूतून खाली गेले. मऊ वाळूचा उतार. मी दहा पावलं गेले आणि गुडघ्याने सांगितलं, बास. मागे येऊन जीपला टेकून उभी राहिले. अमेयने लांबून हात केला, मीही केला.

तेव्हा रडू आलं. लपवत नाही. आपल्याला आता गोष्टी दाखवाव्या लागणार, गाडी थांबेल तिथून, गाडी थांबेल तेवढा वेळ. असंच राहणार आता. आणि ज्याच्याकडे बोलावं तो माणूस... हे वाक्य पुरं करत नाही.

मग खाली वाकून मूठभर वाळू घेतली, काहीतरी करायचं म्हणून. तळहातावर पसरली तर ती वाळू नव्हतीच. शिंपल्यांचा चुरा होता सगळा. एक कण गुलाबी, एक दुधासारखा, एक नखाच्या टोकाएवढा गोल पीळ पडलेला, एवढा लहान असून पूर्ण शंख. मधूनच एखादा काळा, तो तेवढा डोंगराचा. काळ्या-तांबड्या दगडाच्या बेटावर सोनेरी किनारा कसा, हे कोडं सकाळपासून होतं ते असं सुटलं. ही वाळू दगडाची नाहीच. समुद्रात जगून मेलेल्या जिवांची आहे, वाऱ्याने बेटभर पसरलेली. रुमालात थोडी बांधून आणावी असं फार वाटलं, पण नेत नाहीत इथून काही. सगळं राखीव आहे. परत सोडून दिली.

आणि तशी वाकलेली असतानाच मला ड्रायव्हर दिसला. त्याला वाटलं असावं माझं लक्ष नाही. बाकीचे परत येताना दिसले तसं त्याने स्टूल मांडलं, आणि मग स्वतः त्याच्यावर चढला. दोन्ही पायांनी. एकदा दाबलं, डावीकडे सरकवून पुन्हा दाबलं. वाळूत पाय रुतून स्टूल कलंडतं, म्हणून ते आधी स्वतःच्या वजनाने बसवून घेत होता. चारही पाय सारखे रुतले, डगमगेना झालं, तेव्हा उतरला आणि सतरंजीवरची वाळू हाताने झटकली.

हे असेच शिडी लावायचे. मला माळ्यावर चढायचं असलं की आधी स्वतः दोन पायऱ्या चढून हलवून बघायचे. मी चिडायचे, एवढं काय त्यात म्हणून.

तिथून पेद्रो बार्बाला गेलो. बेटावरची दुसरी आणि शेवटची वस्ती. चुनकळीची पांढरी घरं, लहानसा बंदिस्त किनारा, दारांना कुलपं. एकेकाळी मासेमारांचं गाव, आता उन्हाळ्यात येणाऱ्यांचं. कुणीच नव्हतं. वाऱ्याने एक फाटक सारखं वाजत होतं.

आणि तिथे जे झालं तेच खरं तर लिहायचं होतं. एवढा वेळ कडेकडेने फिरतेय.

जीप थांबली तेव्हा ड्रायव्हरचा फोन वाजला. तो बोलत बोलत पुढे गेला. सगळे उतरले, ईरा उडी मारून, जर्मन बाई काठ्या आधी खाली टाकून. मी दारात उभी. एक हात वरच्या दांड्याला, खाली खडीची जमीन, सपाट, घट्ट. उतरता आलं असतं. उजवा पाय आधी टाकून, थोडं तिरकं होऊन, हळू, नक्की आलं असतं. आणि मी उभीच. अर्धा मिनिट, कदाचित जास्त. अमेय म्हणाला, "आई, हात देऊ का?" मी म्हटलं, "नको, थांब जरा." कशासाठी थांब म्हणाले ते मलाही आधी कळलं नाही.

मी स्टुलाची वाट बघत होते.

ज्याच्यावरून सकाळपासून जीव जाळला, त्याचीच. कळलं तेव्हा आधी कानशिलं गरम झाली. मग का कोण जाणे, हसू आलं. मोठ्याने नाही, आतल्या आत. तेवढ्यात तो धावत आला, फोन कानाला तसाच, "पेर्दोन, पेर्दोन, सेन्योरा," स्टूल मांडलं, पायाने दाबलं, बाजूला झाला. मी उतरले. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. खांदा टणक होता, खारवलेल्या शर्टाचा वास. पाटीवालीच्या पाटीला आई हात लावायची तेव्हा ती काही लाजायची नाही. मोकळ्या आवाजात हाक मारायची.

तो कड्यावर चढणाऱ्या आजीचा नातू, त्याला कुणाच्या गुडघ्याचं काय वाटणार होतं? त्याला एवढंच माहीत की ओझं चढवता-उतरवताना हात लागतो. हे मी आत्ता लिहिताना म्हणतेय. तिथे उभी असताना एवढं स्वच्छ काही वाटलं नव्हतं. तिथे फक्त घसा मोकळा झाला होता आणि भूक लागली होती.

दुपारी अमेय सायकल घेऊन दक्षिणेला मोंतान्या आमारियाकडे गेला, पुढचं चालत. मी आणि सायली बंदरावर बाकावर बसलो, ईरा समोर वाळूत. अमेयने फोटो आणले. हळदीसारखा पिवळा डोंगर. तिथे तप्त रस समुद्राच्या पाण्याला भिडून फुटला म्हणून तो रंग, तसा दगड. मला हेवा वाटला. तो काही एका दिवसात जायचा नाही. सायलीने तळलेली मासळी माझ्या ताटात सरकवली आणि म्हणाली, "आई, सकाळी तुझ्याकडे बघवलं नाही मला." मी म्हटलं, "खा आता, गार होतंय." तिच्याशी बोलायला हवं. आज नाही झालं.

एक चुटपुट राहिली. ते स्टूल कुणाचं, हे विचारायचं राहूनच गेलं. सतरंजीचा तुकडा मधोमध एवढा झिजलेला होता की नुसत्या पायांनी तसा झिजत नाही, कुणीतरी वर्षानुवर्षं बसलेलं असणार त्यावर. धक्क्यावर निरोप घेताना तोंडापर्यंत आलं होतं. पण पुढच्या फेरीची माणसं येऊन उभी होती आणि त्याने ते पुन्हा बाकाखाली सरकवलं.

उद्या मिरादोर देल रिओ. त्याच कड्याच्या माथ्यावर, पावणेपाचशे मीटरवर, इथल्याच कलाकार सेझार मान्रिकेने कातळात लपवून केलेला सज्जा, 1974 चा. तिथून आजचं सगळं बेट एका नजरेत दिसतं म्हणे, गाव, धक्का, बेर्मेखा, सगळं. मला ती बायकांची वाट वरून दिसते का ते बघायचंय. अमेय आत्ता वर येऊन विचारून गेला, आई, गाडी लांब लावली तर चालेल ना. मी म्हटलं नाही, दारापर्यंत घे.

आत गोल जिना आहे असं वाचलं. त्याचं उद्या बघू.