टिळकवाडीतील आगगाडीच्या थाटाचा बार: कोणते कॉकटेल घ्यावे आणि कधी

बेळगावच्या टिळकवाडीत पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशा रेल्वेच्या खुणांवरून पत्ता सांगण्याची रीत आहे, आणि याच भागात आगगाडीच्या डब्यासारखा सजवलेला एक बार आहे. समोरासमोर लाकडी बाकडी, डोक्यावर सामानाची फळी आणि मेन्यूच्या जागी वेळापत्रक, ज्यात मिरजेपासून कुळ्यापर्यंतच्या स्थानकांची नावे कॉकटेलना दिलेली आहेत. अशा ठिकाणी सजावटीवर जेवढा खर्च होतो तेवढे लक्ष पुष्कळदा पेयाकडे जात नाही. म्हणून मित्रांसह चव घेताना नावाला आणि थाटाला गुण द्यायचे नाहीत, फक्त आंबट, गोड व कडू यांचा तोल, बर्फ आणि मूळ मद्याची ओळख टिकते की नाही एवढेच पाहायचे, असे आम्ही ठरवले होते.

सुरुवात ‘खानापूर’ने करावी. जिन, लिंबू, सोडा आणि आमसुलाचे आगळ असे हे साधे मिश्रण आहे, परंतु आगळात मुळातच मीठ असल्यामुळे जिनचा कडवटपणा मवाळ होतो आणि दुसऱ्या घोटाची इच्छा राहते. दहापैकी आठ गुण. ‘घटप्रभा’ म्हणजे साखरेऐवजी गुळाचा पाक घातलेली डायकिरी, म्हणजे पांढरी रम आणि लिंबू यांचे कॉकटेल. उसाच्या मुलखाला साजेशी कल्पना आहे, पण गुळाची चव भारी असल्याने पांढरी रम तिच्याखाली दबते. पाक निम्मा करायला सांगितल्यावर तेच पेय पुष्कळ सुधारले, त्यामुळे मागवतानाच तसे सांगावे. मूळ रूपात सहा.

‘दूधसागर’साठी मात्र थोडा वेळ काढून जावे. नावावरून पांढऱ्या, दाट पेयाची अपेक्षा होते आणि समोर येते ते फिकट सोनेरी, काचेसारखे नितळ. रम, काळा चहा, साखर आणि लिंबाचा रस यांचे मिश्रण दुधात ओतले की दूध नासते; चहातील तुरटपणा दुधाच्या प्रथिनांना चिकटून चोथ्यात राहतो, आणि फडक्यातून गाळून उरलेल्या पाण्याला मऊ, रेशमी पोत येतो. पहिली गाळण गढूळ उतरते, म्हणून ती पुन्हा त्याच चोथ्यावर ओतावी लागते, आणि ही चिकाटी इथल्या माणसाकडे आहे. त्याने आम्हाला बारमागे ठेवलेले भांडे दाखवले, त्यात थेंबाथेंबाने गाळण चालू होती. चवीत चहा शेवटी येतो, लिंबू कुठेच बोचत नाही. नऊ गुण, आणि दूध वर्ज्य असणाऱ्यांनी हे पेय नितळ दिसते म्हणून घेऊ नये.

‘कॅसल रॉक’ हे ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्या हद्दीवरचे स्थानक होते, तिथे जकातीची तपासणी होत असे. त्या नावाच्या पेयात ब्रिटिशांच्या व्हिस्कीला पोर्ट या पोर्तुगीज धाटणीच्या वाईनची आणि बिटर्स या कडू अर्काची जोड आहे, त्यामुळे नाव आणि पदार्थ यांचा संबंध खरोखर जुळतो. हे शेकरमध्ये न हलवता बर्फावर ढवळून एका मोठ्या खड्यावर देतात, आणि तेच योग्य आहे, कारण लिंबू नसलेले मिश्रण जोराने हलवले तर ते गढूळ होते आणि त्यात पाणीही जास्त उतरते. साडेआठ गुण, सावकाश प्यावे.

संकेश्वरी मिरचीचे ‘पाच्छापूर’ शेवटी घ्यावे किंवा घेऊच नये. तिखटाने जीभ बधिर झाली की पुढच्या पेयाला न्याय मिळत नाही. पाच गुण.

शाकाहारी मंडळींनी फेसाळ पेय मागवण्यापूर्वी त्यात अंड्याचा पांढरा भाग आहे का, हे विचारून घ्यावे. गोवा इतका जवळ असूनही इथे फेणी नाही, याबद्दल काही पाहुणे नाराज होतात. परंतु फेणीची गणना देशी दारूत होत आल्यामुळे ती गोव्याबाहेर सहसा विकली जात नाही, त्यात बारचा दोष नाही. गोव्याहून चोर्ला घाटातून परतताना स्वतः बाटली आणण्याचा मोहही टाळावा, कारण परवान्याशिवाय परराज्यातील मद्य बाळगणे गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.

संध्याकाळी लवकर गेल्यास बारटेंडरशी बोलता येते, मराठी, कन्नड किंवा कोंकणी यांपैकी कोणत्याही भाषेत. गर्दी वाढली की पाक कमी करण्यासारख्या सूचना हरवतात. दोघांत एक ग्लास वाटून घेतला तर जास्त चवी पाहता येतात. मधे पाणी आणि पोटात काही खाणे हवेच. कोल्हापूर किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी मुक्काम कॅम्प किंवा स्टेशनच्या बाजूला करावा आणि रिक्षाने जावे-यावे. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि ही मर्यादा ओलांडायला अशा कॉकटेलचे फार ग्लास लागत नाहीत.